एक हजार नऊने भाग जातो

आमच्या खोलीत आठ माणसं बसायची आणि आठही जण दिवसभर भागाकार करायचे. कशासाठी, हे मला पहिल्या दिवशी कुणी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी मी विचारलं तर सगळे माझ्याकडे असे बघायला लागले, जसं काही श्वास कशासाठी घेता असं विचारलंय.

ते असं होतं. एक कोटीपर्यंतच्या प्रत्येक संख्येचा तक्ता कुणीतरी पूर्वीच करून ठेवला होता. संख्या मूळ आहे की संयुक्त, म्हणजे तिला दुसऱ्या कशाने भाग जातो की नाही, आणि जात असेल तर कशाने. आमच्या संस्थेतल्या कुणा मोठ्या माणसाला वाटलं, आपण कोटीच्या पुढे जाऊ. त्याला वाटलं आणि आम्ही बसलो. खालच्या मजल्यावर भोकं पाडलेले कागद संख्यांच्या तक्त्यावर ठेवून हजारच्या आतल्या मूळ संख्यांनी भाग जाणाऱ्या संख्या बाजूला काढत. त्यातून ज्या वाचत त्या चिठ्ठ्यांवर लिहून वर आमच्याकडे येत. आम्ही त्यांना हजारच्या पुढच्या मूळ संख्यांनी एकेक करून भागायचं. तीन हजार एकशे एकोणसत्तरपर्यंत गेलं की थांबायचं, कारण त्याच्या पुढच्या कुठल्याही दोन संख्यांचा गुणाकार आमच्या चिठ्ठीवरच्या संख्येपेक्षा मोठाच होतो.

भागायच्या संख्या समोरच्या भिंतीवर टांगलेल्या होत्या. मोठा पांढरा तक्ता, काळी शाई, दहा ओळी, प्रत्येक ओळीत अठ्ठावीस. दोनशे ऐंशी. तो आमच्या साहेबांनी स्वतःच्या हाताने लिहिलेला होता, म्हणून सगळे त्यांना तक्तेमास्तर म्हणायचे. त्यांना ते आवडायचं.

प्रत्येकाच्या पुढ्यात दांड्याचं मशीन. दांडा फिरवत राहायचा, वजाबाकी होत राहते, शून्याच्या खाली गेली की घंटी वाजते. एक फेरा उलटा, आकड्यांची सरकती गाडी एक घर ढकलायची, पुन्हा फिरवायचं. शेवटी खालच्या खिडकीत बाकी दिसते. बाकी उरली तर पुढची संख्या. असं दोनशे ऐंशी वेळा, तेव्हा एक चिठ्ठी संपते. दिवसाला तीन, फार झालं तर चार. संध्याकाळी उजवा खांदा आपला राहत नाही.

एकच संख्या दोघांना दिली जायची, अ आणि ब. मध्ये लाकडी पडदा. बोलायचं नाही, बघायचं नाही. दोघांचं उत्तर जुळलं की मास्तर सही करून वहीत चढवत. नाही जुळलं तर त्याला फरक म्हणत, आणि फरक कुणाच्या तरी कार्डावर चढल्याशिवाय मिटत नसे. चुकीची बेरीज असेल तर साधी खूण. पण मधली एखादी संख्या न भागताच पुढे गेलं असेल तर त्याला उडी म्हणत. उडी म्हणजे लबाडी. तीन खुणा झाल्या की घरी पाठवत, आणि एक उडी तीन खुणांच्या बरोबरीची.

मी तीन अ होते. पडद्यापलीकडची तीन ब म्हणजे माझी वहिनी.

तिनेच मला इथे चिकटवलं होतं. दादाची पाठ गेल्यापासून तो घरी होता, आडवा झाला की उठता येत नाही आणि उठला की बसता येत नाही. घर वहिनी ओढत होती. ती पहिल्या दिवसापासून या खोलीत होती, सव्वा वर्ष, आणि तिच्या कार्डावर एकही खूण नव्हती. तिला कायम करायचा कागद मास्तरांच्या टेबलावर येऊन पडला होता. महिनाअखेरीला सही होणार होती. कायम झालं की पाठीच्या दवाखान्यात दादाला घेतात, घरच्या माणसांसाठी तिथे संस्थेची सोय होती. एवढंच हवं होतं. आम्हाला कुठलं राज्य नको होतं.

आता माझं. मला लांबचं दिसत नाही. भिंतीवरचा तक्ता मला पांढऱ्या भिंतीवर मुंग्या चढाव्यात तसा दिसायचा. हे सांगितलं असतं तर पहिल्याच दिवशी परत पाठवलं असतं, म्हणून मी घरी बसून स्वतःची यादी केली. हजार ते तीन हजार एकशे एकोणसत्तर आकडे लिहिले आणि तीनने, पाचने, सातने, पार त्रेपन्नपर्यंतच्या मूळ संख्यांनी खोडत गेले. जे उरले ते एका वहीत उतरवले आणि ती वही मशीनच्या खाली सरकवून ठेवली. खाजगी यादी वापरायला बंदी होती. माझ्या यादीत दोनशे एक्याऐंशी होत्या. खोलीतला प्रत्येक जण दोनशे ऐंशी म्हणायचा. मी मोजलं, पुन्हा मोजलं, आणि शेवटी माझंच कुठेतरी चुकलं असेल म्हणून गप्प बसले. शाळा मी सातवीत सोडली होती. भिंतीवरचा तक्ता चुकेल आणि माझी वही बरोबर असेल असं माझ्यासारखीच्या डोक्यात येत नाही. येऊ देत नाहीत.

त्या दिवशी चिठ्ठी आली १,००,६२,७५७ ची.

मी पहिल्याच संख्येने भागलं. एक हजार नऊ. दांडा फिरला, गाडी सरकली, आणि खालच्या खिडकीत सगळी शून्यं. वर ९९७३. मिनिटभरात संपलं. मी फॉर्म भरायला घेतला. विषम. अंकांची बेरीज अठ्ठावीस. संयुक्त. विभाजक चार: एक, एक हजार नऊ, नऊ हजार नऊशे त्र्याहत्तर आणि ती स्वतः. स्वतःला सोडून विभाजकांची बेरीज दहा हजार नऊशे त्र्याऐंशी. वर्गमुक्त, म्हणजे कुठल्या विभाजकाचा वर्ग तिच्यात मावत नाही. शेवटचं घर: विपुल, परिपूर्ण की न्यून. आपल्या विभाजकांची बेरीज आपल्यापेक्षा जास्त भरली तर विपुल, बरोबर भरली तर परिपूर्ण, कमी भरली तर न्यून. कोटीच्या समोर दहा हजार. न्यून.

आमच्या खोलीत एक बाई होती, तिला सगळे रेडिओ म्हणायचे, कारण खालच्या मजल्यावरची बातमी खालच्या मजल्याला कळायच्या आत तिला कळायची. ती म्हणायची, आपण सगळे न्यून. हात, पाय, डोकं, खांदे, सगळं एकत्र केलं तरी माणूस भरत नाही. विपुल फक्त मास्तर, ते खुर्चीतून बाहेर येतात.

पलीकडे वहिनीचा दांडा दोन तास फिरत होता. मी ऐकत होते. घंटी, उलटा फेरा, गाडी. घंटी, उलटा फेरा, गाडी. तिने मध्ये पाणीही प्यायलं नाही.

दुपारी मास्तरांनी दोन्ही फॉर्म शेजारी ठेवले. तिचा होता: मूळ, विभाजक दोन. त्यांनी माझे दोन आकडे स्वतः गुणून पाहिले. बरोबर आले. मग त्यांनी वहिनीचं कार्ड काढलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, "तीन ब. उडी."

वहिनी उभी राहिली. म्हणाली की तिने भिंतीवरच्या सगळ्या संख्यांनी भागलं. मास्तर म्हणाले, सगळ्यांनी भागलं असतं तर एक हजार नऊने भाग गेला असता. तेव्हा ती म्हणाली, "एक हजार नऊ भिंतीवर नाही. तक्ता एक हजार तेरापासून सुरू होतो."

मास्तरांनी भिंतीकडे पाहिलं. बराच वेळ. आम्ही त्यांच्या पाठीकडे पाहत होतो. मग ते वळले, घड्याळ बघितलं आणि म्हणाले की वेळ जातोय, कामाला लागा, उद्या बघू.

घरी वहिनी सरळ भांडी घासायला बसली. दादाने विचारलं, काय झालं, तोंड का असं? मी थोडक्यात सांगितलं. तो म्हणाला, मग उद्या भिंत बघतील आणि मिटेल. इतकं सोपं वाटलं त्याला. दोन वर्षं आडवा पडलेल्या माणसाला बाहेरचं जग सरळ वाटायला लागतं.

वहिनी भांडी घासता घासता एकदम थांबली. "वन्सं, मला खरंच आठवत नाहीये. तो तेरापासूनच सुरू होतो ना? सव्वा वर्ष बघतेय, आणि आता डोळे मिटले की सगळेच आकडे दिसतात."

मी वही आणली. तिच्यासमोर धरली. सगळं सांगितलं, डोळ्यांचंही. पहिलाच आकडा एक हजार नऊ. मी म्हटलं, तुमच्याकडे दोनशे ऐंशी, माझ्याकडे दोनशे एक्याऐंशी, तो जास्तीचा हाच असणार. तिने ओल्या हाताने वही धरली, पान भिजलं.

"तीन महिने तुम्हाला माहीत होतं?" एवढंच म्हणाली.

माहीत नव्हतं असं म्हणता आलं असतं. मी म्हटलं नाही.

सकाळी आम्ही गेलो तेव्हा एक हजार नऊ भिंतीवर होता.

मला अर्थात दिसला नाही. मला खोलीच्या गप्पपणावरून कळलं. सगळे आपापल्या मशीनची धूळ पुसत होते, जिच्यावर धूळ नव्हती. वहिनी तक्त्यासमोर उभी होती, हात खाली सोडून. मी उठले, पडदा ओलांडला आणि भिंतीपर्यंत चालत गेले. नाक टेकेल इतकी जवळ गेले तेव्हा दिसला. पहिल्या ओळीच्या वर, चौकटीच्या बाहेर, तशाच वळणाचा, तशाच शाईचा. फक्त जास्त काळा. मागे कुणाची तरी खुर्ची करकरली. मला कळलं की आता सगळ्यांनाच कळलंय, तीन अ ला दिसत नाही.

मास्तर खुर्चीतूनच म्हणाले, बघा, आहे. वहिनीने मागे वळून एकेकाकडे पाहिलं. रेडिओ म्हणाली, असेलही बाई, वर लिहिलेलं असेल, वर कोण बघतं. बाकीचे काहीच बोलले नाहीत. मी त्यांना नावं ठेवत नाही. ठेवते. ठेवणारच. खोलीतली माणसं सव्वा वर्ष दिवसाकाठी तीनदा त्या भिंतीवरून नजर फिरवतात आणि एकालाही सांगता येत नाही की काल तिथे काय होतं. येत होतं सगळ्यांना. पण मास्तर आज वहिनीला म्हणाले ते उद्या त्यांना म्हणतील, एवढाच हिशोब.

मास्तरांनी वहिनीच्या कार्डावर उडी लिहिली. कायम करायचा कागद उचलून खणात टाकला, म्हणाले, आजचा दिवस भर, उद्यापासून येऊ नको. खण बंद झाल्याचा आवाज आला आणि सगळ्यांनी दांडे फिरवायला सुरुवात केली.

मी फिरवला नाही. मी विचार करत बसले, आणि तो विचार अगदी साधा होता. ती संख्या भिंतीवर नव्हती, तर त्या संख्येने माझ्याशिवाय कुणीच भागलं नसणार. सव्वा वर्षात कुणीच नाही. मग कोटीच्या पुढे एक हजार नऊच्या पाढ्यात जे जे येतं, आणि खालच्यांच्या भोकांतून जे सुटतं, ते सगळं वहीत मूळ म्हणून चढलेलं असणार. वही दाराजवळच्या तिपाईवर असायची, कुणीही बघावी. कुणी बघत नसे.

जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर गेले. मी मशीनवर एक हजार नऊला गुणायला बसले. ९९११ ने, ९९१३ ने, ९९१५ ने, असं एकेक विषम संख्या घेत ९९७१ पर्यंत. एकतीस गुणाकार. प्रत्येक उत्तर वहीत शोधायचं, वही नाकाला लावून. बहुतेक नव्हतेच, ते खालीच अडले होते. सहा सापडले.

१,००,१२,३०७. १,००,१८,३६१. १,००,२०,३७९. १,००,३०,४६९. १,००,३८,५४१. १,००,५६,७०३.

सहाही मूळ म्हणून चढलेले. प्रत्येकापुढे दोन सह्या आणि खाली मास्तरांची. रेडिओची सही तीन ठिकाणी. एका ठिकाणी वहिनीचीही, तेव्हा तिच्यासोबत दुसरीच कुणी अ होती. पहिले पाच तर छापून झालेल्या खंडात गेले होते, ज्याच्या पहिल्या पानावर लिहिलं होतं की यातली प्रत्येक संख्या दोन माणसांनी वेगवेगळी तपासली आहे. खरंच तपासली होती. दोघांनी वेगवेगळी, एकाच भिंतीकडे बघून.

मी सहा आकडे कागदावर लिहिले, पुढे सगळ्यांच्या सह्या, आणि कागद मास्तरांच्या टेबलावर ठेवला. मास्तर डबा खाऊन हात पुसत आले. त्यांनी कागद वाचला. मशीन ओढून पहिला गुणाकार केला, दुसरा केला, तिसरा केला नाही.

मी म्हटलं, "एका बाईने उडी मारली तर उडी. सगळ्यांनीच नेमकी त्याच ठिकाणी मारली तर तिथे फळी नव्हती."

त्यांनी विचारलं की एक हजार नऊ मला कुठून मिळाला. मी वही काढून दाखवली. ते म्हणाले, खाजगी यादी, आणि डोळे अधू, या दोन गोष्टींवर मी तुला आत्ता घरी पाठवू शकतो. मी म्हटलं, पाठवा. आधी कार्ड.

मग त्यांनी एक विचित्र गोष्ट केली. त्यांनी मला बसायला सांगितलं. तीन महिन्यांत पहिल्यांदा. म्हणाले, ज्या जुन्या पुस्तकातून उतरवलं त्यात पहिलं पान एक हजार नऊला संपत होतं. त्यांनी धरलं की पहिलं पान खालच्यांचं. खालच्यांनी धरलं की आपलं हजारच्या आत. बस. नऊचं अंतर, त्यात हा आकडा पडला. त्यांना काल दुपारी कळलं, तोवर खंड छापून गेलेला. आणि सगळ्यात वाईट काय माहीत आहे का, म्हणाले, खंड निघून चार महिने झाले, पाच चुका आहेत, आणि कुणाचं एक पत्र आलेलं नाही. कुणी वाचतच नाही.

मला वाटलं होतं मला राग येईल. आला, पण दमलेला. मी म्हटलं, कुणी वाचत नाही तर आमच्याकडून इतकं तासून का घेता? आणि कुणी वाचत नाही तर तिच्या कार्डावर तरी खरं लिहायला काय जातं?

ते म्हणाले, एक वाट आहे. कार्डावर यंत्राचा दोष लिहितो. उडी खोडतो. तिचा कागद पुढे जातो, तुझी वही मी पाहिली नाही, तक्ता आता पुरा आहे, आणि सहा संख्या आहेत तिथे राहू देत. कुणाचं काही बिघडत नाही.

खरं सांगते, मी हो म्हणणार होते. दादाची पाठ माझ्यासमोर होती. मी तोंड उघडलंही. पण वहिनी कधी येऊन मागे उभी राहिली होती मला कळलं नव्हतं, आणि एकटी नव्हती, तिच्यामागे रेडिओ होती, म्हणजे खालच्या मजल्यालाही कळायला आता फार तर चहा गाळायला लागतो तेवढा वेळ होता.

वहिनी म्हणाली, "यंत्र चांगलं आहे, मास्तर. त्याच्यावर घालू नका. तक्त्यात नव्हता, एवढंच लिहा. आणि ते सहा दुरुस्त करा, त्यात एक माझा आहे."

"मग तुझा कागद अडकेल," मास्तर म्हणाले. "चूक वर गेली की सगळं काम तपासणीत जातं. तपासणी चालू असताना कुणाला कायम करत नाहीत."

"अडकू दे."

तिने ते मोठ्याने म्हटलं नाही. ओझं खाली ठेवताना माणूस जसं काहीतरी पुटपुटतं तसं म्हटलं. मास्तरांनी रेडिओकडे पाहिलं, ती दाराकडे सरकलीच होती. त्यांनी कार्ड काढलं, उडी खोडली आणि लिहिलं: उडी नाही. तक्त्यात १००९ नव्हता. खाली सही. मला त्यांची कीव आली नाही, पण मी मान वळवली.

तीन आठवड्यांनी वरून कागद आला. पहिल्या खंडासाठी पाच ओळींचं शुद्धिपत्र छापायचं. वहीतली सहावी आणि आमची सातवी संयुक्त करायची. तपासणी होईपर्यंत कुणालाही कायम करायचं नाही. तीन अ ला दृष्टिदोषामुळे महिनाअखेर कमी करण्यात येत आहे. मास्तरांचं काय झालं ते त्या कागदात नव्हतं. रेडिओ म्हणाली, त्यांना खाली पाठवतायत, भोकांच्या कागदांवर.

त्या संध्याकाळी आम्ही घरी आलो तेव्हा दादा दारातच उभा होता, भिंतीला हात टेकून. त्याने दोघींची तोंडं पाहिली.

"झाली सही?"

"नाही झाली," वहिनी म्हणाली. "पण मी उडी मारली नाही, हे लिहून मिळालंय."

दादाने भिंतीवरचा हात काढला. मग म्हणाला, "त्याने माझी पाठ सरळ होणार आहे का?"

असं बोलणं त्याच्या तोंडात नसतं. मी काहीतरी बोलणार होते, वहिनीने हाताने थांबवलं. ती आत गेली, चपला काढायच्या राहिल्या तशीच पलंगावर बसली आणि म्हणाली, नाही होणार, मला माहीत आहे. पुन्हा वर्ष काढू. पण आत्ता काही विचारू नका, मला अर्धा तास पडू द्या.

पाच मिनिटांत ती घोरायला लागली. तीन आठवडे ती रात्री कूस बदलत असायची, मला पलीकडच्या खोलीत ऐकू यायचं. दादा हळूहळू आत आला, पलंगाच्या कडेला धरून वाकायला लागला. त्याला वाकता येत नाही. डॉक्टरांनी सक्त मनाई केली आहे. तो वाकला, कळवळला, पण तिच्या दोन्ही चपला काढल्या आणि तसाच अर्धवट वाकलेला राहिला, वर यायला जमेना.

मी जाऊन त्याला धरलं.

"जेवायला उठवू का तिला?" त्याने विचारलं.

मी म्हटलं, नको.